फ्लूची मोठी साथ परत आली तर घरात काय तयारी ठेवायची? फ्लूच्या व्हायरसवरची टॅमीफ्लू गोळी आधीच आणून ठेवावी का? उदगीरला कावळे मेले तेव्हापासून भीती बसलीय.

गोळी आणून कपाटात ठेवू नका, हे आधी सांगतो. कावळ्यांचं म्हणाल तर जानेवारी २०२५ ला उदगीरात मेले ते बर्ड फ्लूनंच, पण तो पाखरांचा रोग, माणसाला सहजी लागत नाही. मेलेलं पाखरू उघड्या हातानं उचलू नका, चिकन नीट शिजवून खा, झालं. माणसाकडून माणसाला पसरायला लागला की मग साथ, २००९ ला स्वाइन फ्लूची आली तशी.

आता माझं ऐका. फेब्रुवारी २०१५. बायको सातव्या महिन्यात, माहेरी, उदगीरच्या पुढं एक गाव आहे तिथं. डोहाळजेवणाला पुण्याचे पाव्हणे आलते, त्यातला एकजण दिवसभर खोकायलता आणि तरी सगळ्यांना वाढायला पुढं. तिसऱ्या दिवशी हिला ताप, कोरडा खोकला, अंग ठणकायलेलं. मी पोचलो तर गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलेलं, वर अँटिबायोटिकचं इंजेक्शन. अहो फ्लू व्हायरसचा, त्याला अँटिबायोटिक काय करणार? तर मेव्हणा म्हणायला, "दाजी, तुम्ही उगं घाबरायलात, अजून एक बाटली लावली की ताकद येती." सासूबाईंचं वेगळंच, पोटुशी बाईला गोळ्या द्यायच्या नाहीत, बाळाला बाधतात. मी म्हणलं टीव्हीवर रोज स्वाइन फ्लू दाखवायलेत, तर म्हणे ते शहरात असतंय.

ह्या वादात अख्खा दिवस गेला. रात्री हिला दोन शब्द बोलताना धाप लागायली तेव्हा कुठं सगळे गप झाले. पहाटे गाडी केली आणि लातूरला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडमनी घशातला नमुना घेतला आणि रिपोर्टची वाट न बघता टॅमीफ्लू सुरू केली, दिवसातून दोनदा, ५ दिवस. म्हणल्या ताप आल्यापासून ४८ तासांत सुरू केली तर जास्त गुण येतो, तुम्ही काठावर आलात, आणि गरोदर बाईला तर थांबायचंच नसतं, धोका तिलाच जास्त. तेव्हा ती गोळी हरेक मेडिकलवर मिळायची पण नाही, आता चिठ्ठी दाखवली की मिळते. रिपोर्ट स्वाइन फ्लूचाच आला. बायको बरी झाली, पोरगी पण ठणठणीत झाली.

आणि मेव्हणा आजही पंगतीत चारचौघांत सांगतो की ताप सलाईननंच उतरला, ते तर दाजी यायच्या आधीच लागलंतं. सलाईन म्हणजे मीठ-साखरेचं पाणी हो! उलट्या होत असतील, तोंडानं काही जात नसेल तर ठीक, नाहीतर ओआरएस प्या.

तुमच्या तयारीचं बोलायचं तर थर्मामीटर, ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल, मास्क एवढं पुरं. पोराबाळांना ऍस्पिरिन अजिबात देऊ नका. घरात शुगरवाले, दमेकरी, म्हातारी माणसं, गरोदर बाई असेल तर फ्लूची लस दरवर्षी, कारण व्हायरस दरवर्षी रूप बदलतो. एकदम नवा व्हायरस आला तर जुनी लस त्याला पुरेलच असं नाही, नवी यायला महिने लागतात, तोवर मास्क, उघड्या खिडक्या आणि खोकणाऱ्या पाव्हण्याला तोंडावर "घरी थांब" म्हणायची हिंमत, बास. हात धुवा म्हणतात तेही खरं, पण २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलंतं, ते बघितलेल्या माणसाला नळ सोडून हात धुवा म्हणू नका, साबण लावून वीसेक सेकंद चोळा आणि तांब्याभर पाण्यात धुवा, तेवढ्यात होतं.

एक राहिलं. धडधाकट माणसाचा फ्लू बहुतेक वेळा औषधाशिवाय पण आठवड्यात बरा होतो, त्यामुळं हिला नेमकं कशानं बरं वाटलं हे ना मला सिद्ध करता येतं ना मेव्हण्याला. मी डॉक्टर पण नाही, गोळी त्यांना विचारूनच घ्या. पण धाप लागली, ओठ निळे पडले, किंवा उतरलेला ताप परत चढला तर मेव्हण्याला विचारत बसू नका, गाडी काढा. (मागच्या वर्षी त्यानं गुपचूप लस घेतली म्हणे, बायकोनं सांगितलं.)