चालते-फिरते वडील मनोरुग्णालयात पुन्हा पुन्हा का पडतात?

घरी काठीशिवाय चालणारे वडील दाखल केल्यापासून दोनदा पडले, हा निष्काळजीपणा आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी मानसोपचार वॉर्डात परिचारिका आहे. त्यांची केस पेपर न बघता दोष कुणाचा हे मी सांगणार नाही. पण 'चालते-फिरते होते तरी पडले' यातला 'तरी' काढून टाका. आमच्याकडे पेशंट दिवसभर पलंगावर नसतात, फिरत असतात, म्हणूनच पडतात.

पहिला संशय औषधांवर घ्या. क्लोझापिन, क्वेटियापिन यांसारख्या मानसिक आजारावरच्या गोळ्यांनी उठून उभं राहताच बीपी उतरू शकतं. म्हणून तर क्लोझापिनची सुरुवात 12.5 मिलिग्रॅम इतक्या कमी डोसने करतात. त्यात झोपेची गोळी, पोटात पाणी कमी आणि रात्री लघवीला घाईने उठणं, हे एकत्र आलं की तोल गेलाच. त्यामुळे 'बीपी नॉर्मल आहे' यावर थांबू नका, ते कसं मोजलं ते विचारा. आधी झोपवून, मग उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजायला हवं. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांनी डोस आणि वेळ पुन्हा बघावी. तुम्ही मनाने गोळी बंद करू नका. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल आणि हात थरथरणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या सुरू झाल्या असतील, तर लिथियमची रक्तातली पातळी त्याच दिवशी तपासायला सांगा.

चपलाही बघा. गळफासाच्या भीतीने आम्ही बुटाच्या लेस, नाड्या, पट्टे काढून घेतो. ते बरोबरच आहे, पण मग माणूस ढगळ पायजमा एका हाताने धरून सपाता फरपटत चालतो! मागे पट्टी असलेली, न घसरणारी चप्पल आणि मापाची इलॅस्टिकची पँट चालेल का, ते वॉर्डात विचारून आणून द्या.

'पडू नयेत म्हणून बांधून ठेवतो' असं कुणी म्हणालं तर होकार देऊ नका. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, पायातली ताकद जाते आणि सोडल्यावर जास्त पडतो.

डोक्याला मार लागला असेल तर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. वाढती गुंगी, उलटी, डोकेदुखी, एका बाजूचा अशक्तपणा दिसला तर 'गोळीची झोप असेल' एवढ्यावर परत फिरू नका. डॉक्टरांना लगेच बोलवा आणि सीटी स्कॅनबद्दल विचारा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका.