'क्रोकोडाइल डंडी'मधला नेव्हिल कोण, आणि त्या नटाचे कोणते सिनेमे कुठल्या क्रमाने पाहावेत?

तुमचे तीन प्रश्न आहेत. 'क्रोकोडाइल डंडी'त रात्री झाडीतून येणारा, अंगावर रंगाचे पट्टे ओढलेला नेव्हिल कोणी केला? त्या नटाचे आणखी काय पाहावं आणि सुरुवात कुठून करावी? आणि २०२१च्या बातम्यांत त्याचं नाव वेगळंच का छापलं होतं?

नट म्हणजे डेव्हिड गुलपिलिल. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नेम लँडचे. तिथले मूळ रहिवासी स्वतःला योल्ङु म्हणवतात. यातला 'ङ' म्हणजे 'वाङ्मय' या शब्दातला ङ, त्यामुळे मराठी माणसाला तो सहज म्हणता येतो. योल्ङु भाषांमध्ये ट, ड, ण, ळ आणि त, द, न असे दोन वेगळे वर्ग आहेत. इंग्रजी कानाला हा फरक कळत नाही म्हणून त्यांच्या रोमन लिपीत टवर्गातल्या अक्षरांखाली रेघ ओढतात. सिनेमे पाहताना आपल्याला ती रेघ लागत नाही, फरक सरळ ऐकू येतो.

गुलपिलिल यांची जन्मतारीख सगळीकडे १ जुलै १९५३ अशी दिसेल. ती अंदाजाने ठरवलेली आहे. जन्म झाला तेव्हा लिहून ठेवणारं कोणी नव्हतं. 'डेव्हिड' हे नावही गोऱ्यांच्या शाळेत मिळालेलं. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास मॅनिंग्रिडा या वस्तीत निकोलस रोग हा इंग्रज दिग्दर्शक 'वॉकअबाउट'साठी मुलगा शोधत आला आणि त्याने समारंभात नाचणाऱ्या या पोराला निवडलं. तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. १९७१मध्ये सिनेमा कान महोत्सवात दाखवला गेला. श्रेयनामावलीत आडनाव 'गुम्पिलिल' असं चुकवलेलं आहे. जुन्या प्रतीत शोधताना नाव सापडलं नाही तर हे लक्षात असू द्या.

बहुतेक याद्या 'वॉकअबाउट'पासून सुरू करायला सांगतात. मी तसं सुचवणार नाही. तो सुंदर सिनेमा आहे, पण त्यात गुलपिलिल यांना बाहेरून पाहिलेलं आहे. त्यांच्या पात्राला नाव नाही, ते स्वतःच्या भाषेत बोलतात आणि त्या बोलण्याला सबटायटल्स नाहीत. शेवटाकडे एक मुलगा दिवसभर एका मुलीसमोर नाचतो आणि सकाळी मेलेला सापडतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला कळतच नाही. तो नाच लग्नाची मागणी घालणारा आहे आणि त्याला उत्तर आलेलं नाही, एवढं आधी माहीत असेल तर प्रसंग उलगडतो. शिवाय शिकारीची दृश्यं खरी आहेत, मारलेले प्राणीही खरे आहेत. ते सोसत नसेल तर तयारीने बसा.

सुरुवात 'द ट्रॅकर'ने करा (२००२, दिग्दर्शक रॉल्फ दे हीर). तीस वर्षं पडद्यावर वावरल्यानंतर गुलपिलिल यांना मिळालेली ही पहिली प्रमुख भूमिका. साल १९२२. तीन गोरे घोडेस्वार आणि त्यांच्यापुढे पायी चालणारा, माग काढणारा एक आदिवासी. पात्रांना नावं नाहीत, नुसत्या ओळखी आहेत. हिंसेच्या क्षणी कॅमेरा सरळ एका रंगवलेल्या चित्रावर जातो. ही चित्रं पीटर कोड यांची, आणि मागे आर्ची रोच यांच्या आवाजात गाणी. पहिल्या अर्ध्या तासात माग काढणारा 'हो बॉस' म्हणत हसत राहतो आणि बरेच प्रेक्षक त्याला लाचार समजून चुकतात. त्याची नजर पाहा. तो गोऱ्यांकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघतो. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, किती वेळ घालवायचा, हे सगळं तोच ठरवत असतो. शेवटी मागे वळून पाहिलं की प्रत्येक हसण्याचा अर्थ बदललेला असतो. या कामासाठी त्यांना ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

लगेच दुसऱ्या दिवशी फिलिप नॉइस यांचा 'रॅबिट-प्रूफ फेन्स' पाहा. तोही २००२चाच, आणि त्यातही गुलपिलिल माग काढणाऱ्याच्या भूमिकेत आहेत. १९३१मध्ये सरकारने आईपासून तोडून नेलेल्या तीन मुली पळून निघाल्या आहेत आणि गुलपिलिल यांचा मूडू त्यांच्या मागावर आहे. त्याची स्वतःची मुलगी त्याच सरकारी वसाहतीत अडकलेली. संवाद अगदी मोजके. एकाच वर्षी, एकाच धंद्यातली दोन माणसं त्यांनी किती वेगळी उभी केली, हे शेजारी ठेवून पाहिलं की या नटाची जात कळते. खांदे, पावलं आणि घोड्यावर बसण्याची ढब, एवढ्यावर ते पात्र उभं करतात.

मधल्या काळातले सिनेमे सवडीने पाहिले तरी चालतील. 'स्टॉर्म बॉय' (१९७६) मुलांबरोबर पाहण्यासारखा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूराँगच्या किनाऱ्यावर एक मुलगा, त्याचा पाणकोळी आणि गुलपिलिल यांचा फिंगरबोन बिल. २०१९मध्ये हा सिनेमा नव्याने झाला तेव्हा त्यात ते फिंगरबोनचे वडील झाले. पीटर वीअर यांचा 'द लास्ट वेव्ह' (१९७७) सिडनीत घडतो, त्याला गूढकथेचा बाज आहे. 'मॅड डॉग मॉर्गन'मध्ये (१९७६) ते डेनिस हॉपरबरोबर आहेत. आणि १९८६चा 'क्रोकोडाइल डंडी' तर तुम्ही पाहिलाच आहे. त्यातला विनोद आठवून पाहा. अमेरिकन पत्रकार नेव्हिलचा फोटो काढायला जाते, तो म्हणतो काढता येणार नाही. तिला वाटतं, फोटोने आत्मा हिरावला जातो अशी याची समजूत असेल. तो सांगतो, तुमच्या लेन्सवर झाकण आहे. नेव्हिल शहरी पोरगा आहे, वडील रागावतील म्हणून नाइलाजाने समारंभाला निघालाय. तो सगळा प्रसंग प्रेक्षकांच्या समजुतीवर बेतलेला आहे, आणि त्यातली वेळ साधण्याची हुकमत गुलपिलिल यांची.

आता 'टेन कनूज' (२००६). यावर जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट सोडून दिला जाणारा सिनेमा हाच आहे.

त्याची सुरुवात एका फोटोतून झाली. डोनाल्ड थॉमसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकाच्या मध्यात अराफुरा दलदलीच्या भागात काचेच्या प्लेटवर हजारो फोटो घेतले. त्यांतल्या एकात झाडाच्या सालीच्या नावांत उभे राहून दहा पुरुष दलदलीतून चाललेले आहेत. गुलपिलिल यांनी तो फोटो रॉल्फ दे हीर यांना दाखवला आणि सांगितलं, आपल्याला दहा नावा लागतील. ते स्वतः त्यात प्रमुख भूमिका करणार होते, दिग्दर्शनातही भागीदार होणार होते. दोन्हीतून बाहेर पडले, पण कथा सांगणारा आवाज त्यांचाच राहिला. मुख्य तरुणाची भूमिका त्यांच्या मुलाने, जेमी गुलपिलिल याने केली. सहदिग्दर्शक होते पीटर जिगिर. सगळे संवाद ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी भाषांमध्ये असलेला हा पहिला कथापट, आणि कान महोत्सवाच्या 'अं सर्ते रगार' विभागात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

पाहताना गोंधळ कुठे होतो? रंगांत. आपल्याला कृष्णधवल म्हणजे जुना काळ आणि रंगीत म्हणजे आजचा, ही सवय. इथे उलट आहे. नावा घेऊन अंडी गोळा करायला निघालेल्या माणसांचा, म्हणजे थॉमसनच्या फोटोंचा काळ कृष्णधवल; आणि थोरला भाऊ धाकट्याला जी पुराणकाळातली गोष्ट सांगतो ती रंगीत. जेमी दोन्ही काळांत आहे. धाकट्याची नजर भावाच्या सर्वांत धाकट्या बायकोवर आहे आणि गोष्टीतही तोच पेच आहे. गोष्ट मध्येच तुटते, कारण सांगणारा साल सोलतो, नाव बांधतो, चालतो, झोपतो. धाकट्याला धीर शिकवायचाय, म्हणून ती मुद्दाम लांबवलेली आहे. एकामागून एक आख्यान उघडत जाणाऱ्या आपल्या जुन्या कथा ज्यांनी ऐकल्यात त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

नाव कशी बनते तेही नीट पाहा. झाडाची साल एकसंध सोलून काढायची, विस्तवाच्या धगीवर मऊ करायची, टोकं दाबून शिवायची आणि पोट उघडं राहावं म्हणून आत आडव्या काठ्या बसवायच्या. पुढचं टोक चिंचोळं, कारण नावेला उंच गवत आणि लव्हाळ्यांतून वाट काढायची असते. अशा नावा तिथे कित्येक दशकं बनलेल्या नव्हत्या, त्या चित्रीकरणासाठी जुन्या फोटोंवरून आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींवरून पुन्हा बनवल्या. रात्री झाडांत मचाण बांधून झोपायचं आणि खाली धूर करायचा: खाली मगरी, वर डास. चित्रीकरणाच्या वेळीही मगरींवर नजर ठेवायला माणसं लागायची, आणि जळवा होत्याच.

पात्रनिवड दिग्दर्शकाच्या हाती फारशी नव्हती. थॉमसनच्या फोटोंतली माणसं म्हणजे तिथल्या लोकांचे आजे-पणजे, त्यामुळे कोणी कोणाची भूमिका करायची हे नात्याने ठरलं. योल्ङु समाजाचे दोन भाग आहेत, धुवा आणि यिरिजा. माणूस, जमीन, प्राणी, गाणं, सगळं यांपैकी एकात मोडतं आणि लग्न नेहमी दुसऱ्या भागात करायचं. आपल्याकडे एक देवक असलेल्या घरांत सोयरीक होत नाही, तसंच काहीसं, फक्त फार विस्तारलेलं. पडद्यावर नवरा-बायको दाखवायचे तरी त्या दोघांचं नातं खऱ्या आयुष्यात लग्नाला चालणारं हवं. दिसायला कोण बरं, हा विचार नंतरचा.

प्रत घेताना एक तपासा. सिनेमाच्या तीन आवृत्त्या आहेत: निवेदन इंग्रजीत आणि संवादांना सबटायटल्स, निवेदनसुद्धा मंधलपिंगु या गुलपिलिल यांच्या भाषेत आणि सबटायटल्स, आणि सबटायटल्स अजिबात नसलेली, तिथल्या लोकांसाठी. पहिल्यांदा पहिली घ्या, कारण इंग्रजी निवेदनातला त्यांचा मिश्कील सूर ऐकण्यासारखा आहे. आपोआप बनणारी सबटायटल्स लावू नका, ती योल्ङु बोलण्यावर भलतेच इंग्रजी शब्द चिकटवतात.

त्यानंतर 'चार्लीज कंट्री' (२०१३). माझ्या मते हे त्यांचं सर्वोत्तम काम. दारूने त्यांचं आयुष्य पोखरलं होतं. त्यांचं गाव रामिंगिनिंग हे दारूबंदीचं, त्यामुळे प्यायला डार्विनला जायचं आणि तिथे उघड्यावर राहायचं, असं चक्र. पत्नीला मारहाण केल्याबद्दल २०११मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. हे झाकून त्यांच्याबद्दल लिहू नये. दे हीर तुरुंगात भेटायला गेले आणि तिथल्या बोलण्यातून दोघांनी मिळून हा सिनेमा लिहिला. चार्ली शिकार करतो, पोलीस बंदूक जप्त करतात. तो भाला करतो, तर तेही हत्यार म्हणून काढून घेतात. मग तो जुन्या पद्धतीने जगायला रानात जातो, पावसात आजारी पडतो, आणि पुढे डार्विनचं इस्पितळ, दारू, तुरुंग. तुरुंगात त्याचे केस आणि दाढी उतरवतात तो क्षण कॅमेरा जागचा न हलता दाखवतो. घाईत असाल तर हा सिनेमा संथ वाटेल. १०८ मिनिटं सलग द्या. चार्ली सिडनी ऑपेरा हाउसच्या उद्घाटनाला राणीसमोर नाचल्याची आठवण सांगतो, ती गुलपिलिल यांचीच आहे, १९७३ची. २०१४मध्ये कानला 'अं सर्ते रगार'मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून त्यांची निवड झाली.

आता 'वॉकअबाउट' पाहा. तो नाच चार्लीच्या नाचानंतर पाहिला की कोवळ्या पोराच्या अंगात काय होतं ते दिसतं.

राहिला नावाचा प्रश्न. आर्नेम लँडच्या रिवाजात माणूस गेला की काही काळ त्याचं नाव घेत नाहीत, चित्र दाखवत नाहीत. ऑस्ट्रेलियन सिनेमांच्या सुरुवातीला 'यात मृत व्यक्तींची चित्रं आणि आवाज असू शकतात' अशी पाटी येते ती म्हणूनच. गुलपिलिल यांना २०१७मध्ये फुप्फुसाचा कर्करोग निघाला आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरे ब्रिज इथे ते गेले. पहिले काही दिवस वर्तमानपत्रांनी 'डेव्हिड दलाइथ्ङु' असं छापलं, नंतर कुटुंबाच्या संमतीने मूळ नाव परत आलं. तुम्ही पाहिल्या त्या बातम्या त्या मधल्या दिवसांतल्या. त्यांच्याबद्दल कुठे लिहिणार असाल तर आज गुलपिलिल हेच नाव वापरा, ते त्यांच्या इच्छेला धरून आहे.

ती इच्छा मॉली रेनल्ड्स यांच्या 'माय नेम इज गुलपिलिल' (२०२१) या माहितीपटात आहे. आजारी गुलपिलिल कॅमेऱ्याकडे पाहून स्वतःच्या मरणाबद्दल आणि अंत्यविधीबद्दल बोलतात. सिनेमा पुरा होईपर्यंत ते जगतील असं कोणाला वाटत नव्हतं. मार्च २०२१मध्ये ॲडलेडला पहिला खेळ झाला तेव्हा ते स्वतः हजर होते.