न्यूरॉन १% ऑक्सिजनवर: प्रथिननिर्मिती घटली, पण फॉस्फो-ईआयएफ२-अल्फा वाढलेला दिसत नाही

खारघरच्या लॅबमधला तुमचा प्रश्न असा: उंदराचे कॉर्टिकल न्यूरॉन २४ तास १% ऑक्सिजनवर ठेवले, प्युरोमायसिनचा (नव्या प्रथिनांत शिरून प्रथिननिर्मितीचा वेग दाखवणारं रसायन) सिग्नल निम्म्यावर आला, पण फॉस्फो-ईआयएफ२-अल्फा (प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या घटकाचं फॉस्फेट लागलेलं रूप) कंट्रोलइतकाच. अँटिबॉडीला दोष देण्याआधी वेळ बघा.

ऑक्सिजन तुटला की पर्क किनेज (फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) ईआयएफ२-अल्फाच्या सेरीन ५१ वर फॉस्फेट चढवतं, मग ईआयएफ२ला पुन्हा कामाला लावणारं ईआयएफ२बी अडकतं आणि भाषांतराची, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनण्याची, सुरुवातच थांबते. ही लाट लवकर येते आणि ओसरते, कारण त्यातूनच वाढलेलं एटीएफ४ (जनुकं चालू करणारं प्रथिन) गॅड३४ तयार करवतं आणि गॅड३४ पीपी१ या फॉस्फेटेजला आणून फॉस्फेट काढून टाकतं. शिवाय १% वर ही लाट मुळात मंद असते, ती ठळक दिसते जवळजवळ शून्य ऑक्सिजनवर. लांबलेल्या हायपॉक्सियात (ऑक्सिजनच्या कमतरतेत) मुख्य ब्रेक एमटॉरचा, म्हणजे वाढ आणि प्रथिननिर्मिती चालवणाऱ्या किनेजचा: रेड१ आणि एएमपीके ही ताणाला प्रतिसाद देणारी प्रथिनं एमटॉरला दाबतात, फॉस्फेट गमावलेलं ४ई-बीपी१ प्रथिननिर्मितीच्या सुरुवातीला लागणारं ईआयएफ४ई धरून ठेवतं. ईईएफ२ किनेज प्रथिनाची साखळी लांबवण्याचा वेगही कमी करतं. म्हणून १, ४, ८ आणि २४ तासांचे नमुने घ्या. ४ई-बीपी१साठी १५% जेल चालवा, खालचा पट्टा गडद होतो का पाहा.

ईआयएफ२ आणि एमटॉर या दोन अडथळ्यांत फरक करायचा तर २०० नॅनोमोलर इसरिब (ईआयएफ२-अल्फाच्या फॉस्फेटचा परिणाम पुसणारं रसायन) द्या. प्युरोमायसिनचा सिग्नल परत आला तर अडथळा ईआयएफ२चा, नाही आला तर एमटॉरकडे वळा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डिश हायपॉक्सिया चेंबरमधून बाहेर काढताना. एचआयएफ-१-अल्फा (ऑक्सिजन कमी असतानाच टिकणारं प्रथिन) हवेत काही मिनिटांतच संपतं. त्याहून वाईट म्हणजे इस्केमियानंतर (रक्तपुरवठा तुटल्यानंतर) ईआयएफ२-अल्फाचं फॉस्फोरिलेशन रक्तपुरवठा परतल्यावरच उसळतं. पर्कला फॉस्फेट चढवायला एटीपी (पेशीचं इंधन) लागतो, आणि तो तेव्हाच परत येतो. हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीच्या भागाच्या) सीए१ पट्ट्यामध्ये तर प्रथिननिर्मिती नंतर सावरतच नाही. म्हणजे लिसिस (पेशी फोडणं) बाहेर केलंत तर पट्टा हायपॉक्सियाचा की परतलेल्या ऑक्सिजनचा, हे सांगताच येणार नाही. चेंबरमध्येच, बर्फावर, फॉस्फेटेज इनहिबिटरसह लिसिस करा.

पेशींचं माध्यम आदल्या रात्रीच चेंबरमध्ये ठेवून समतोलात आणा. डिशच्या प्लास्टिकमध्येही ऑक्सिजन मुरलेला असतो, आणि माध्यमाचा थर जितका जाड तितका समतोल यायला उशीर. प्युरोमायसिन शेवटची १० मिनिटं, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर, आत हात घालूनच टाका. प्रथिननिर्मिती थांबवणाऱ्या सायक्लोहेक्सिमाइडचा कंट्रोल ठेवा. ग्लुकोज काढलं असेल तर ते कळवा, तो वेगळाच प्रयोग होतो.

तळोजा किंवा रबाळेहून मिश्रण-सिलिंडर मागवत असाल तर १% ऑक्सिजन, ५% कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन असं लिहून द्या आणि विश्लेषणाचं प्रमाणपत्र मागा.