पहिल्या चार मिनिटांत नजर कुणाची?

प्रिय मित्रा,

तुझ्या थ्रिलर चित्रपटाच्या संहितेची पहिली अकरा पानं काल रात्री दोनदा वाचली. एकदा सलग आणि एकदा पेन्सिल हातात घेऊन. दोन्ही वेळा मी पाचव्या पानावर थांबले. तुझी नायिका कपाटातून दोन कप काढून ओट्यावर ठेवते, क्षणभर त्यांच्याकडे बघते आणि एक कप परत आत ठेवून देते. तू हे दोन ओळींत उरकलं आहेस. मला मात्र पुढचं पान उलटवेना. दुसरा कप कुणाचा? तो माणूस गेला, की यायचा आहे? आणि तिचा हात अजून दोनच कप का काढतो?

त्याआधीच्या चार पानांत पाऊस आहे, वीज गेलेलं घर आहे, धापा टाकणारं कुणीतरी आहे, रक्ताळलेला हात आहे, किंकाळी आहे आणि मग काळ्या पडद्यावर 'तीन दिवसांपूर्वी' अशी पाटी आहे. ती चार पानं मी भरभर वाचून संपवली. मला भीती वाटली नाही. ही पानं काढून टाक असंच मी सांगणार आहे, पण नुसतं तेवढं सांगून उपयोग नाही. कारण समजलं नाही तर पुढच्या संहितेतही तू हेच लिहिशील.

प्रेक्षकापासून जितकं लपवू तितकं गूढ वाढतं, असं तू धरून चालला आहेस. पण ज्याला काहीच माहीत नाही, त्याला कसली काळजी लागणार? तो हात कुणाचा ते मला माहीत नाही. त्या माणसाला काय हवंय, त्याचं काय जाणार आहे, तेही माहीत नाही. मग किंकाळी आली काय नि न आली काय. थ्रिलरसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक याने 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला दिला होता, तो तू ऐकला असशील. माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. बॉम्ब आधीच दाखवला, घड्याळही दाखवलं, तर त्याच निरर्थक गप्पा तो जीव मुठीत धरून ऐकतो. हा दाखला सगळे सांगतात, पण त्यातली कळीची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ताण प्रेक्षकाला काहीतरी दिल्याने तयार होतो. आधी त्याच्या हातात नेमकी एक गोष्ट ठेवावी लागते, मग तो ती सोडत नाही.

ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'ची सुरुवात (1958) यासाठी मुद्दाम बघ. पहिल्याच क्षणी हातात टाइमबॉम्ब, तो गाडीच्या डिकीत जातो, आणि मग तीन मिनिटांहून लांब असा एकच अखंड शॉट. गाडी गर्दीत अडकते, मागे राहते, पुन्हा जवळ येते. एक नवविवाहित जोडपं त्याच रस्त्याने चालत चाललंय. कॅमेऱ्याने कट घेतला असता तर आपल्याला श्वास घ्यायला फट मिळाली असती. वेल्सने ती दिली नाही. या शॉटची आणखी एक कहाणी आहे, आणि मी संकलक असल्यामुळे ती मला फार जवळची वाटते. स्टुडिओने त्या शॉटवर श्रेयनामावली आणि पार्श्वसंगीत चढवलं होतं. वेल्सने 58 पानांचं टिपण लिहून आपल्याला काय काय हवं होतं ते कळवलं होतं. चाळीस वर्षांनी, 1998 मध्ये, संकलक आणि ध्वनिकार वॉल्टर मर्चने ते टिपण समोर ठेवून चित्रपट पुन्हा संकलित केला. त्याने पाट्या काढल्या, संगीत काढलं आणि रस्त्यावरच्या दुकानांतून, गाड्यांच्या रेडिओतून येणारं गाणं-बजावणं तेवढं ठेवलं. आता बॉम्ब असलेली गाडी जवळ आली की तिचा रेडिओ ऐकू येतो आणि पोटात गोळा येतो. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ बघ. चित्रं तीच आहेत, फक्त त्यांवरच्या पाट्या गेल्यात आणि आवाज बदललाय.

पण तू लिहितोयस तो सायकॉलॉजिकल थ्रिलर, म्हणजे मनात घडणारा थरारपट. इथे बॉम्ब डिकीत नसतो, बघणाऱ्याच्या डोक्यात असतो. मग तो प्रेक्षकाला दाखवायचा कसा? इतकी वर्षं एडिट टेबलवर बसून मला एकच उत्तर सापडलंय, आणि हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. सुरुवातीच्या मिनिटांत प्रेक्षकाला एक नजर दे, ती त्याची स्वतःचीच आहे असं त्याला वाटू दे, आणि मग त्या नजरेला बारीकसा तडा जाऊ दे. एकच तडा पुरे. काच फोडायची नाही.

हिचकॉकचाच 'सायको' (1960) आठव. शहराचं नाव, वार, तारीख आणि दुपारचे 2 वाजून 43 मिनिटं, असं सगळं पडद्यावर लिहून येतं. इतका काटेकोर तपशील बघून आपण निर्धास्त होतो. आणि तो कॅमेरा काय करतो? इमारतींवरून सरकत सरकत एक खिडकी निवडतो आणि अर्धवट ओढलेल्या पडद्याखालून खोलीत शिरतो. कुणाच्या खाजगी खोलीत आपण चोरून बघतोय हे लक्षात येईपर्यंत आपण आत पोचलेलो असतो. पुढे या चित्रपटात चोरून बघण्याचं काय होतं ते तुला माहीत आहे. पहिल्याच मिनिटाला आपल्याला त्यात सामील करून घेतलेलं असतं.

हानेकेच्या 'कॅशे'मध्ये (2005) हे आणखी शांतपणे घडतं. एका घराचा स्थिर शॉट. त्यावर श्रेयनामावली उमटते. कुणी चालत जातं, सायकल जाते, बाकी काही नाही. कंटाळा यायला लागतो तोच बोलणं ऐकू येतं, आणि थोड्या वेळाने ते चित्र भराभर मागे पळायला लागतं. आपण घर बघत नव्हतो, घरावर पाळत ठेवणाऱ्या कुणीतरी चित्रित केलेली टेप बघत होतो, आणि त्या घरातली माणसंही आपल्यासोबत तीच बघत होती. ना रक्त, ना किंकाळी. तरी त्यानंतर त्या चित्रपटातल्या कुठल्याच स्थिर शॉटवर विश्वास बसत नाही. प्रत्येक वेळी वाटतं, हे कोण बघतंय? माझ्या मते यापेक्षा कमी साहित्यात यापेक्षा जास्त धास्ती क्वचितच कुणी उभी केली असेल.

आता तुझ्या कपांकडे येऊ, कारण खरं काम तिथेच आहे.

समज, चित्रपट पाचव्या पानापासून सुरू होतो. कॅमेरा स्वयंपाकघराच्या दारात, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, जरासाही न हलणारा. ती पाठमोरी. कपाटाचं दार उघडते, बिजागरी करकरते. हा आवाज स्वच्छ ऐकू येऊ दे, त्यावर दुसरं काही नको. दोन कप. थांबते. एक परत आत. दार मिटताना पुन्हा करकर. क्लोजअप घेऊ नकोस. क्लोजअप घेतलास की तू प्रेक्षकाला 'इकडे बघ' म्हणून सांगितलंस. न सांगता त्याने ते बघितलं, तर तो त्याचा स्वतःचा शोध असतो आणि तो त्याला जपतो.

मग पॅसेज. ती फोनवर अगदी साधं काहीतरी बोलत येते, बोलता बोलता कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जाते. कॅमेरा तिच्यामागे जात नाही, रिकाम्या पॅसेजवर थांबतो. तिचं बोलणं थांबलंय. चार-पाच सेकंद शांतता. आणि करकर. तीच बिजागरी. ती परत चौकटीत येते, हातात फोन तेवढा, बोलणं पुन्हा सुरू. यानंतर कधीतरी ती ओट्याजवळ येईल, तेव्हा तिथे दोन कप असतील.

बघ, काय झालं? एक कप आत गेला, हे प्रेक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. दार पुन्हा उघडल्याचं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलंय, कारण तो आवाज तू त्याला आधी शिकवून ठेवला होतास. पण ते उघडलं कुणी, हे त्याला दिसलेलं नाही. घरात आणखी कुणी आहे, की तिनेच कप काढला आणि तिला ते आठवत नाही? दोन शक्यता, दोन्ही वाईट, दोन्हींना पुरावा सारखाच. आता तिने नुसतं कपांकडे बघितलं तरी पुरे. तिने घाबरू नये, उलट दुसरा कप सवयीने भरून ठेवावा, असं मला वाटतं. ती दचकली तर ती आपल्या बाजूची होते. ती दचकली नाही तर आपण एकटे पडतो.

यात एक अट आहे. दार कुणी उघडलं ते तुला माहीत हवं, अगदी पहिल्या खर्ड्यापासून. लेखकालाच माहीत नसलेलं गूढ विसाव्या पानावर विरघळतं. आणि शेवट कळल्यावर कुणी पुन्हा पहिलं मिनिट बघायला बसलं, तर तिथे खोटं काही सापडता कामा नये. तू दाखवलेलं सगळं खरं, फक्त त्याचा अर्थ दुसरा. कपोलाच्या 'द कॉन्व्हर्सेशन'मध्ये (1974) उंचावरून एका चौकावर हळूहळू झूम जातो, खाली गर्दीत एक जोडपं बोलत असतं, आणि त्यांचे शब्द मध्येच यंत्राच्या खरखरीत फाटतात. ते बोलणं चोरून टेप केलं जातंय. अख्खा चित्रपट त्या टेपभोवती फिरतो, आणि शेवटाकडे त्यातलं एक वाक्य वेगळ्या शब्दावर जोर पडून ऐकू येतं. शब्द तेच, पण सगळा अर्थ पालटतो. या चित्रपटाचा आवाजही मर्चनेच केला होता. हा चित्रपट एकदा डोळे मिटून ऐक. थ्रिलर लिहिणाऱ्याने आवाज संहितेतच लिहायला हवेत, ते 'नंतर कुणीतरी टाकेल' असं समजू नये, हे तुला त्यातून माझ्या सांगण्यापेक्षा जास्त पटेल.

पार्श्वसंगीताबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. सुरुवातीच्या काळात मी एक चित्रपट संकलित केला. त्याचा पहिला शॉट होता बंद दारासमोर उभा असलेला माणूस, चाळीस सेकंद, निःशब्द. दिग्दर्शकाने तो तसाच ठेवायला सांगितला होता. लोक कंटाळतील या धास्तीने मी तो बारा सेकंदांवर आणला, खाली व्हायोलिनचा ताणलेला सूर घातला आणि निर्मात्यालाही ते पटवून दिलं. पहिल्या खेळाला मी मागच्या रांगेत बसले होते. व्हायोलिन वाजलं आणि माझ्या पुढचे दोघं खुर्चीत आरामात रेलून बसले. त्यांना कळलं होतं, आता भीतीचा प्रसंग आहे. काय वाटून घ्यायचं हे संगीताने सांगून टाकलं, मग त्यांना स्वतःहून काही वाटायचं कारणच उरलं नाही. ते चाळीस सेकंद मला अजून आठवतात. त्यात तो माणूस एकदाच, तिसाव्या सेकंदाच्या आसपास, दाराला हात लावायला जातो आणि हात मागे घेतो. मी नेमकं तेच कापलं होतं. दिग्दर्शकाचा विश्वास माझ्यावर होता, म्हणून ते अधिक लागतं.

म्हणून तुझ्या संहितेत 'गूढ संगीत सुरू' असं जिथे जिथे आहे, तिथे मी काट मारली आहे. त्या जागी त्या खोलीत खरोखर कसला आवाज असेल तो लिही. फ्रिजची घरघर लिही. ती घरघर बंद पडते तो क्षणही लिही.

स्वप्नाने सुरुवात करायचा मोह होईल. करू नकोस. प्रेक्षकाने जीव लावलेली पहिलीच गोष्ट खोटी निघाली, की तो नंतर हात आखडता घेतो. निवेदन ठेवायचंच असेल तर तिच्या आवाजात ठेव, आणि ती जे सांगते त्यात पडद्यावर दिसणाऱ्याशी न जुळणारा एखादाच तपशील असू दे. हवामान जमेल तितकं स्वच्छ ठेव. भर दुपारी, उजेडात, सगळं दिसत असताना काहीतरी चुकतंय असं वाटलं, तर ते घरापर्यंत सोबत येतं.

'तीन दिवसांपूर्वी'च्या पाटीबद्दल तू वाद घालशील, मला माहीत आहे. तू म्हणशील, सुरुवातीला झटका दिला नाही तर लोक उठून जातील. तुझी भीती मला समजते, मीही त्याच भीतीने ते अठ्ठावीस सेकंद कापले होते. पण पुढे रक्त आहे असं ओरडून सांगितल्याने माणूस थांबतो तो फक्त रक्ताची वाट बघत. मधल्या सगळ्या प्रसंगांत त्याचं मन नसतं. आणि तुझी ताकद नेमकी त्या मधल्या प्रसंगांत आहे. ज्याला दोन कप सुचले, त्याला रक्ताळलेला हात लागत नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तसं वाटलं नसतं तर मी दोनच ओळींचं उत्तर धाडलं असतं.

आता एवढं कर. सगळी संहिता पुन्हा लिहायला घेऊ नकोस, फक्त पहिली चार पानं. प्रत्येक शॉटसमोर समासात लिही: हे कोण बघतंय? ज्या शॉटसमोर उत्तर सुचणार नाही, तो बाजूला काढ. दुसऱ्या कागदावर फक्त आवाजांची यादी कर, पहिल्यांदा कुठे ऐकू येतो आणि दुसऱ्यांदा कुठे, एवढंच. तिसरा कागद माझ्यासाठी नाही. त्यावर ते दार कुणी उघडलं ते लिहून तुझ्याजवळ ठेव. मला सांगू नकोस, मला ते पडद्यावर कळायला हवं.

महिनाअखेरीपर्यंत पाठवलंस तर त्यानंतरच्या आठवड्यात एडिट टेबल दोन दिवस रिकामं आहे. तुझा फोन घेऊन ये. घरातल्या कुठल्याही दाराची बिजागरी रेकॉर्ड करून आण, आपण रिकाम्या पॅसेजचा एक शॉट घेऊन त्यावर तो आवाज वेगवेगळ्या सेकंदाला लावून बघू.

तुझी,
ताई