“मीही त्याला ढकललं होतं”

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्याने विचारलं, “मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघंही पुरुष. उंचीनं, ताकदीनं सारखेच. त्याने मला मारलंय, पण मीही त्याला ढकललंय. मग याला हिंसा म्हणायचं की नुसतं भांडण?” गे आणि बायसेक्शुअल (स्त्री-पुरुष दोघांकडेही ओढ असणाऱ्या) पुरुषांबरोबर काम करणाऱ्या आमच्यासारख्या समुपदेशकांना हा प्रश्न चांगलाच ओळखीचा आहे. म्हणून त्याची हकिगत इथे देत आहोत. कुणाची ओळख पटू नये यासाठी तिच्यात तीन-चार जणांचे तपशील मिसळले आहेत.

पन्नास मिनिटांच्या त्या भेटीत टेबलावर पालथा ठेवलेला फोन अकरा वेळा थरथरला. दर वेळी त्याचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. शेवटी त्याने विचारलं, “या खोलीचा फोटो पाठवू का? मी कुठे आहे ते कळलं की तो शांत होतो.” आम्ही नको म्हटलं नाही. झोप लागत नाही म्हणून समुपदेशकाकडे जातोय, असं तो घरी सांगून आला होता. रिकामी भिंत आणि खुर्ची एवढंच दिसेल असा फोटो त्याने पाठवला. पहिल्याच दिवशी फोन बंद करायला लावला असता, तर त्याची किंमत घरी गेल्यावर त्यालाच मोजावी लागली असती.

मग त्याला शेवटचं भांडण मिनिटामिनिटाने सांगायला लावलं. “का झालं?” हे मुद्दाम विचारलं नाही. “का” विचारलं की त्रास सोसणारा माणूस लगेच स्वतःची चूक शोधायला लागतो. कोण कुठे उभा होता, दार कुणाच्या बाजूला होतं, किल्ल्या कुणाकडे होत्या, एवढंच विचारत गेलो. जोडीदाराने याच्या फोनमधला एका मैत्रिणीचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. हा बूट घालून बाहेर निघाला. जोडीदार दाराला पाठ लावून उभा राहिला आणि किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्या. “मला जाऊ दे,” हे याने तीनदा म्हटलं. मग ढकललं. जोडीदाराचं कोपर कपाटाच्या कडेवर आपटून काळंनिळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीदाराने त्या डागाचा फोटो याला पाठवला, खाली लिहिलं होतं: “हा तुझ्या ऑफिसात दाखवू का? सोबत आपलं नातंही सांगतो.”

कागदावर मोजलं तर त्या संध्याकाळी हात लावला तो फक्त याने. हिंसेचं मोजमाप कुठे फसतं ते इथे दिसतं. नात्यातली हिंसा मोजायला संशोधक ज्या प्रश्नावलीचा सर्वांत जास्त आधार घेत आले, ती समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी १९७९ साली मांडली. ती कृती मोजते: किती वेळा ढकललं, किती वेळा चापट मारली. १९९६ च्या सुधारित आवृत्तीत इजा आणि लैंगिक जबरदस्ती हे भाग आले. पण दार कुणी अडवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी कुणाला घाम फुटला होता, हे नुसत्या आकड्यातून कळत नाही. दोन पुरुषांच्या बाबतीत ही चूक आणखी सहज होते. स्त्री-पुरुषांमध्ये ऐकणाऱ्याला निदान शंका तरी येते. इथे “दोघांत जुंपली असेल” म्हणून लोक विषय संपवतात. “टाळी एका हाताने वाजत नाही” हे वाक्य त्यालाही जवळच्या मित्रांनी ऐकवलं होतं. थप्पड एकाच हाताने वाजते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

म्हणून आम्ही कृतींची बेरीज करत नाही, नात्याचा नकाशा काढतो. गेल्या वर्षभरात कुणाचे मित्र कमी झाले? पगार कुणाच्या खात्यात जातो? भांडणानंतर माफी नेहमी कोण मागतो? “नाही” म्हटल्यावर पुढे काय होतं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घरी परतताना जिन्यात पाय कुणाचे जड होतात? त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला. मग म्हणाला, “खिडकीत दिवा दिसला की मी खालीच पाच मिनिटं थांबतो. दिवसभराचे मेसेज पुन्हा वाचून बघतो, कुठे काही चुकलं का.” जोडीदारही असा कधी खाली थांबला असेल का, असं विचारल्यावर त्याला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले.

समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ पासून मांडलेला फरक इथे उपयोगी पडतो. एखाद्या वादातून पेटणारी आणि त्या वादापुरतीच राहणारी हिंसा वेगळी. समोरच्याचं आयुष्य मुठीत ठेवण्यासाठी वापरलेली हिंसा वेगळी. दुसऱ्या प्रकारात मारहाण बहुधा जास्त वेळा आणि जास्त गंभीर होते, पण ती क्वचित झाली तरी ताबा सुटत नाही, कारण धाक बसला की दर वेळी हात उचलायची गरज पडत नाही. त्या ताब्यातून सुटण्यासाठी दिलेला धक्का ही तिसरीच गोष्ट आहे.

संशोधक रॉब स्टीफन्सन आणि कॅथरीन फिनरन यांनी २०१३ साली खास गे आणि बायसेक्शुअल पुरुषांसाठी प्रश्नावली तयार केली. तुमच्या नात्यात हिंसा म्हणजे काय, हे त्यांनी आधी याच पुरुषांना विचारलं. तिच्यात शारीरिक-लैंगिक हिंसा आणि मानसिक छळाबरोबरच पाळत, ताबा आणि एचआयव्हीशी निगडित हिंसा असे एकूण पाच भाग आहेत. मेसेज चोरून वाचणं, मित्रांना भेटू न देणं, ठरावीक लोकांसमोर “पुरुषी वाग” म्हणून दटावणं, स्वतःच्या एचआयव्हीबद्दल खोटं सांगणं हे सगळं त्यात येतं. त्याच पुरुषांना अमेरिकी सरकारची नेहमीची व्याख्या लावली तेव्हा हिंसा कमी दिसली, ही प्रश्नावली लावली तेव्हा बरीच जास्त. यातून आम्ही घेतलेली गोष्ट साधी आहे. “तुमच्यावर हिंसा होते का?” असं कधी विचारायचं नाही. बहुतेक पुरुष “छे छे” म्हणतात. त्याऐवजी “तुमचा पासवर्ड त्याला माहीत आहे का? त्याचा तुम्हाला?” असं विचारायचं.

“असं दुसऱ्या कुणाचं होत असेल का?” हा त्याचा पुढचा प्रश्न. २००२ साली अमेरिकेतल्या चार मोठ्या शहरांतल्या २,८८१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे पुरुषांशी संबंध ठेवणारे होते. आधीच्या पाच वर्षांत ३४ टक्क्यांनी मानसिक छळ, २२ टक्क्यांनी शारीरिक आणि ५ टक्क्यांनी लैंगिक हिंसा सोसली होती. तिथल्याच २०१० च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग कधी ना कधी सोसलेले पुरुष असे होते: गे २६ टक्के, स्त्रियांशीच नातं ठेवणारे २९ टक्के, बायसेक्शुअल ३७.३ टक्के. शेवटचा आकडा हमखास चुकीचा वाचला जातो. त्यातल्या बहुतेक बायसेक्शुअल पुरुषांना त्रास देणारी जोडीदार स्त्री होती. म्हणजे दोष पुरुषाशी असलेल्या नात्यावर ढकलून चालत नाही. जोडीदार कुणीही असो, “तुला दोन्हीकडे बघायची सवय, तुझ्यावर विश्वास कसा ठेवू?” या एका वाक्यावर पाळत चालवता येते. आमच्याकडे आलेला हा माणूस बायसेक्शुअलच होता, आणि मैत्रिणीच्या मेसेजवरून पेटलेल्या भांडणाचं मूळ तेच होतं.

दुसऱ्या भेटीत तो सहज म्हणून गेला, “एकदा नुसता गळ्याला हात लावला होता.” “नुसता” हा शब्द ऐकला की आम्ही बाकी सगळं बाजूला ठेवतो. किती वेळ? एका हाताने की दोन्ही? डोळ्यांपुढे अंधारी आली का? आवाज बसला का, गिळताना दुखलं का? गळा दाबल्याची खूण बाहेरून दिसेलच असं नाही. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली तर डोकेदुखी, धूसर दिसणं, अंगाच्या एका बाजूची शक्ती जाणं अशी लक्षणं काही तासांनी किंवा काही दिवसांनीही उमटू शकतात. असं घडल्यावर बरं वाटत असलं तरी लगेच डॉक्टरकडे जायचं आणि “पडलो” न म्हणता “गळा दाबला गेला” असंच सांगायचं. जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे जिवावर बेतण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे संशोधन स्त्रियांवर झालेलं आहे. पण पुरुषाच्या बाबतीत तो धोका कमी धरायला आम्हाला काहीही कारण दिसत नाही.

त्यानंतर सुरक्षिततेची आखणी सुरू झाली. “सोडून दे” असं आम्ही सांगितलं नाही. नातं सोडताना आणि सोडल्यावर लगेचच्या दिवसांत धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून तयारी आधी. आवाज चढला की स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात जायचं नाही: एकीकडे सुऱ्या, दुसरीकडे बाहेर पडायला वाट नाही. दाराची जादा किल्ली घराबाहेर विश्वासातल्या माणसाकडे. ओळखपत्रं आणि बँकेची कागदपत्रं यांच्या प्रती, थोडी रोकड आणि कपड्यांचा एक जोडही तिथेच. त्या माणसाशी एक साधं वाक्य ठरवलं, ते मेसेजमध्ये आलं की त्याने काहीही न विचारता फोन करायचा. आता जोडीदाराचे धमकीचे मेसेज. ते खोडायचे नाहीत, पण त्यांच्या प्रती स्वतःच्या फोनमध्ये साठवायच्या नाहीत, कारण तो फोन दोघं वाचतात.

फोनच्या बाबतीत घाई नडते. लोकेशन एकदम बंद झालं की जोडीदाराला तेवढ्यावरून कळतं की काहीतरी शिजतंय. म्हणून नवं ईमेल खातं दुसऱ्याच्या उपकरणावर उघडायचं, जुनं आहे तसं चालू ठेवायचं. पासवर्ड बदलायचे ते निघायच्या दिवशी.

तो एचआयव्हीची रोजची गोळी घेत होता आणि डबी जोडीदाराच्या कपाटात होती. भांडण झालं की ती “सापडायची नाही”. हा साधा रुसवा नव्हे. गोळ्या वारंवार चुकल्या तर विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. उपचार केंद्राला घरातली अडचण थोडक्यात सांगून काही दिवसांच्या गोळ्या ऑफिसच्या खणात ठेवण्याची सोय केली. “तुला दुसरं कोण जवळ करणार?” हे तो रोज ऐकत होता. नियमित औषधाने विषाणूचं प्रमाण चाचणीत न सापडण्याइतकं खाली राहिलं तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, ही गोष्ट त्याला ठाऊक होती. तरीही आम्ही ती त्याच्याच अहवालावर बोट ठेवून पुन्हा सांगितली. (ज्यांना एचआयव्ही नाही आणि ज्यांच्यावर निरोधाशिवाय जबरदस्ती झाली आहे, त्यांनी ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, प्रतिबंधक औषध सुरू करावं, ते २८ दिवस घ्यायचं असतं.)

तिसऱ्या आठवड्यात जोडीदाराचा निरोप आला: आम्ही दोघं मिळून येतो. वरवर चांगली गोष्ट. पण धाक असलेल्या नात्यात एकत्र बसवलं तर एक जण बोलत नाही, किंवा बोलतो आणि घरी गेल्यावर भोगतो. शिवाय “दोघांनीही थोडं बदलायचं” अशी मांडणी होऊन बसते आणि आमच्याकडे येणाऱ्याच्या “मीही ढकललंय” या शंकेवर आमचा शिक्का बसतो. नकारही असा द्यावा लागतो की खापर त्याच्यावर फुटू नये. सुरुवातीच्या भेटी प्रत्येकाच्या वेगळ्याच होतात ही इथली पद्धत आहे, तुम्हाला यायचं असेल तर वेगळे समुपदेशक देतो, असं कळवलं. जोडीदार आला नाही. आला असता तर त्याचंही मनापासून ऐकून घेतलं असतं. समाजाचा तिरस्कार आणि लपून जगण्याचा ताण अशा पुरुषांमधल्या हिंसेच्या मुळाशी अनेकदा सापडतो, आणि त्यावर उपचार होऊ शकतो. पण ताणाचं कारण समजून घेणं वेगळं आणि किल्ल्या खिशात टाकायला परवानगी देणं वेगळं.

आणि त्याचा धक्का? तो आम्ही पुसून टाकला नाही. कोपराला लागलं हे खरं आहे आणि त्याला त्याचं वाईट वाटतं, तेही खरं आहे. दार अडवलं गेलं तर अंगाला हात न लावता काय करता येईल, यावर एक अख्खी भेट गेली: मागे सरकून खाली बसणं, आवाज उतरवणं, होकार देऊन वेळ काढणं, संधी मिळताच ठरलेलं वाक्य पाठवणं. तो अजून त्याच घरात राहतो. दर मंगळवारी येतो आणि मंगळवारी आला नाही तर बुधवारी सकाळी कुणाला फोन करायचा, हे नाव त्याने स्वतः लिहून आमच्याकडे दिलं आहे.