कॉर्डलेस जिगसॉने १९ मिमी प्लाय खालून तिरका का कापला जातो, सनमायकाचे टवके का उडतात आणि बॅटरी दहा मिनिटांत का उतरते?

तीन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मला तिन्हींचा संशय आधी पात्यावर येतो. जिगसॉ म्हणजे वर-खाली हलणाऱ्या अरुंद पात्याची करवत. मशीनबरोबर पेटीत एखादं पातं येतं आणि बहुतेकजण तेच सगळ्या कामांना वापरतात. ते बोथट झालं की आपण हाताचा जोर वाढवतो. मग पातं वाकतं, कड फुटते आणि मोटर जास्त करंट खेचते.

आधी तिरकेपणा. जिगसॉचं पातं फक्त वरून धरलेलं असतं. खालचं टोक मोकळं असतं, पाठीला आधार एका छोट्या रोलरचा. त्यामुळे वरून रेघ बरोबर दिसते आणि फळी उलटी केली की खालचा कट दोन-तीन मिमी सरकलेला निघतो. बॅटरी काढा आणि पात्याला लहान गुण्या लावून बघा. मशीनची फळीवर टेकणारी तळपट्टी ४५ अंशांपर्यंत कलते, वाहतुकीत ती थोडी हलू शकते. ॲलन कीने ढिली करा, ९० अंशांवर आणा, पुन्हा कसा. मग पात्याची पाठ रोलरच्या खाचेत नीट बसली आहे का ते बघा. खाचेबाहेर राहिलेलं पातं पहिल्या वळणालाच भरकटतं.

एवढं करूनही कट तिरका येत असेल तर चूक हातात असते. रेघ सुटली की आपण मशीन बाजूला ढकलतो. तळपट्टी सरकते, पण पात्याचं टोक मागेच राहतं. दिशा बदलायची तर मशीनची मागची बाजू फिरवा आणि पुढे जायचा वेग कमी करा. जोर खाली, तळपट्टी फळीला घट्ट टेकेल एवढा. पुढे फक्त पातं खाईल तेवढा. मशीन सुरू करताना पातं लाकडाला टेकलेलं नको. थांबवल्यावर पातं पूर्ण थांबेपर्यंत उचलू नका, नाहीतर ते फळीवर आपटून वाकतं.

पेंड्युलमचा, म्हणजे पात्याच्या झोक्याचा, खटका ० ते ३ असतो. ३ वर पातं वर-खाली जाताना पुढेही झोके घेतं, म्हणून मऊ लाकूड रेषेत भराभर कापलं जातं, पण कड खडबडीत होते. प्लायला ० किंवा १ पुरे. धातू, सनमायका आणि अरुंद वळणं यांना नेहमी ०.

पाती घेताना टी आकाराच्या मुठीची (मूठ म्हणजे मशीनमध्ये बसणारं वरचं टोक) घ्या, आजच्या बहुतेक मशीनना तीच लागतात. बॉशचे नंबर दुकानदारांना माहीत असतात. टी १४४ डी जाड लाकडाला भराभर, टी १०१ बी ३० मिमीपर्यंतच्या प्लायला स्वच्छ कटासाठी, टी १०१ एओ अरुंद असल्याने बारीक वळणांना, टी ११८ ए १ ते ३ मिमी पत्र्याला. तुमच्या १९ मिमी प्लायला टी १०१ बी. पत्रा कापताना जाडीत निदान तीन दाते एकावेळी बसले पाहिजेत, नाहीतर दाते अडकून तुटतात. अगदी पातळ पत्रा दोन प्लायच्या तुकड्यांत दाबून कापा, वेग कमी ठेवा.

आता टवके. साध्या पात्याचे दाते वर जाताना कापतात, म्हणून फुटते ती वरची बाजू. सनमायका एकाच बाजूला असेल तर ती खाली करा, रेघ मागच्या बाजूवर मारा, तिढा सुटला. दोन्ही बाजूंना सनमायका असेल तर रेघेवर मास्किंग टेप चिकटवा, धारदार कटरने रेघेवरून दोनदा चीर पाडा आणि पात्याभोवती बसणारी छोटी प्लास्टिक पट्टी तळपट्टीत लावा. तिरका कट घेताना मात्र ती पट्टी काढावी लागते. टी १०१ बीआरचे दाते उलटे असतात, त्याने वरची बाजू साफ निघते, पण मशीन उसळतं. दोन्ही हातांनी दाबून धरा, पेंड्युलम ०.

लांब सरळ कापायचं असेल तर मी जिगसॉ सुचवणारच नाही, ते सर्क्युलर सॉचं, म्हणजे गोल पात्याच्या करवतीचं काम. तरीही करायचंच असेल तर तळपट्टीच्या कडेपासून दात्यापर्यंतचं अंतर मोजा, तेवढ्या अंतरावर सरळ पट्टी दोन सी-क्लॅम्पने बांधा. रेघेबाहेर १-२ मिमी ठेवून कापा आणि उरलेलं रंध्याने काढा. मधलं भोक कापायचं असेल तर कोपऱ्यांत १० मिमीचं ड्रिल मारून तिथून पातं घाला.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. १८ व्होल्ट, २ एएच (अँपिअर-तास) म्हणजे ३६ वॉट-तास. मशीन सतत २०० वॉट खेचत असेल तर ती ११ मिनिटांत संपणारच. नवीन पात्याने तेवढंच काम कमी ताकदीत होतं, म्हणून बॅटरी घेण्याआधी पाती घ्या. आणि डब्यावर 'मॅक्स २० व्होल्ट' लिहिलेलं असलं तरी बॅटरी तीच. पाच सेल असतात. १८ हा चालतानाचा सरासरी आकडा, २० च्या पुढचा पूर्ण चार्ज झाल्यावरचा.

देखभाल थोडीच आहे, पण ती चुकवू नका. पातं बदलताना बॅटरी काढायचीच, आणि नुकतंच वापरलेलं पातं गरम असतं, बोट लावू नका. पातं धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये भुसा आणि डिंक साचला की पातं अर्धवट बसतं आणि कापताना निसटतं. सुक्या ब्रशने साफ करा. रोलरवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, महिन्यातून एकदा. (हे यंत्रच १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट काउफमान यांनी शिलाई मशीनच्या सुईच्या जागी करवतीचं पातं बसवून तयार केलं असं सांगतात, त्यामुळे तेलही तेच शोभतं.) जास्त घातलं तर भुसा चिकटून लगदा होतो. गिअरबॉक्सला आतून ग्रीस असतं, तो उघडू नका. कार्बन ब्रशवाल्या (मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे असलेल्या) मशीनमध्ये ठिणग्या वाढल्या तर ब्रश जोडीने बदला. ब्रशलेसमध्ये तो प्रश्न नाही.

कापकामाने बॅटरी गरम झाली असेल तर ती थंड होईपर्यंत चार्जरला लावू नका. महिनाभर काम नसेल तर अर्धी भरलेली, मशीनपासून वेगळी ठेवा. कोकणात पावसाळ्यात पाती आणि रोलर गंजतात, म्हणून पात्यांना तेलाचं बोट फिरवून ती सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पुन्हा वापरण्याआधी ते तेल पुसा, नाहीतर सनमायकावर डाग पडतो.