वहीतले तीन हजार शब्द

परदेशी शिक्षणासाठी तयारी करणारी जी मुले-मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची एक तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत येते: "मॅडम, इंग्रजीतले अवघड शब्द पाठ करतो, पण टिकत नाहीत. मराठी माध्यमातून शिकल्यामुळे असे होते का?" या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःला नीट उमगले ते काही वर्षांपूर्वी आलेल्या एका मुलीमुळे. तिची हकिकत तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे देत आहे.

ती मूळची सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठच्या शेतकरी कुटुंबातली. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले, नंतर कृषी पदवी घेतलेली. जास्त पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी लहानपणापासून पाहिलेल्या असल्यामुळे मृदाशास्त्रात पुढे शिकावे, अशी तिची मनापासूनची इच्छा होती आणि त्यासाठी तिला अमेरिकेतील विद्यापीठांत अर्ज करायचा होता. जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी तिने रोज तीस याप्रमाणे एकशे दहा दिवसांत तीन हजार तीनशे शब्द वहीत उतरवून पाठ केले होते. वही सोबत आणली होती. एका रकान्यात शब्द, दुसऱ्यात मराठी अर्थ, अक्षर सुवाच्य, एकही दिवस चुकलेला नाही. तरीही सराव परीक्षेत गुण जागचे हलत नव्हते, आणि "माझी स्मरणशक्तीच कमी पडते" हा निष्कर्ष तिने माझ्यासमोर बसण्यापूर्वीच काढून ठेवला होता.

पहिल्या भेटीत मी वहीच्या सुरुवातीच्या पानांतले वीस शब्द विचारले; चार आले. तिचे डोळे भरून आले. मग मी तिला हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाविषयी सांगितले. त्याने स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाची मोजदाद केली आणि ती 1885 मध्ये प्रसिद्ध केली. पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक भाग त्याच्या मनातून तासाभरात आणि सुमारे दोन तृतीयांश भाग दिवसभरात निसटत असे. पण मला त्या प्रयोगातली अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: त्याने पाठ करण्यासाठी मुद्दाम निरर्थक अक्षरसमूह निवडले होते, कारण अर्थ असला की आधीच्या ओळखीचा आधार मिळतो आणि मोजणी बिघडते. ही मुलगी नकळत तोच प्रयोग एकशे दहा दिवस स्वतःवर करत होती. ज्या शब्दाला तिने कोणत्याही वाक्यात पाहिलेले नव्हते, तो तिच्यासाठी एक अक्षरसमूहच होता. त्यात वही वर्णानुक्रमे असल्यामुळे 'इन्जीनियस' म्हणजे कल्पक आणि 'इन्जेन्युअस' म्हणजे भाबडा हे दोन्ही एकाच पानावर, एकाखाली एक आले होते आणि कायमचे एकमेकांत गुंतले होते.

यादी कोठून मिळाली, असे विचारल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. तिच्या मोठ्या चुलतभावाने 2009 साली ही परीक्षा दिली होती आणि त्याचे पुस्तक घरात जपून ठेवलेले होते. त्या काळी परीक्षेत सुटे विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या यांवर थेट प्रश्न असत. ऑगस्ट 2011 पासून ते काढून टाकण्यात आले. आता रिकाम्या जागा भरायच्या असतात किंवा सहा पर्यायांतून वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन शब्द निवडायचे असतात, आणि दोन्ही प्रकारांत वाक्य उलगडले नाही तर शब्दाचा नुसता अर्थ ठाऊक असून उपयोग होत नाही. तिच्या चुकलेल्या उत्तरांवर आम्ही एकत्र नजर टाकली, तेव्हा 'अबस्टेमियस' म्हणजे खाण्यापिण्यात संयमी हा शब्द तिला येत होता, पण 'ऑल्बीइट' आणि 'नॉटविथस्टँडिंग' या शब्दांपाशी वाक्याने वळण घेतले की ती चुकत होती. 'जरी', 'असे असूनही' या कामाचे हे शब्द. त्यांच्यापुढे वाक्याचा रोख बदलतो. एव्हरिल कॉक्सहेड या संशोधिकेने विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुळांची (शब्दकूळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सारी रूपे) एक यादी 2000 साली प्रसिद्ध केली, त्यात हे दोन्ही शब्द आहेत. एवढी लहान यादी अभ्यासविषयक मजकुराचा जवळपास दहावा हिस्सा व्यापते, आणि तरीही आमच्याकडची मुले ती ओलांडून थेट दुर्मीळ शब्दांकडे धावतात, कारण दुर्मीळ शब्द म्हणजे अभ्यास, असा समज झालेला असतो.

यानंतर मी जो सल्ला दिला तो चुकीचा होता, हे कबूल केले पाहिजे. "रोज इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाच," असे मी सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या देण्यात येणारा हा सल्ला आहे आणि मीही तो कधी तपासला नव्हता. आठवड्याने ती आली तेव्हा एकेका परिच्छेदात पंधरा-पंधरा शब्द अधोरेखित केलेले होते आणि वाचन बंद पडले होते. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञाच्या 2006 मधील मांडणीनुसार कादंबरी किंवा वृत्तपत्र आधाराविना वाचायचे तर शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात आणि त्यासाठी सुमारे आठ ते नऊ हजार शब्दकुळे ठाऊक असावी लागतात. म्हणजे अनोळखी शब्द शंभरात दोन असतील तर भोवतालचे वाक्य त्यांना सांभाळून घेते. पंधरा असतील तर सांभाळणारे कोणी उरत नाही.

तेव्हा आम्ही तिच्याच मातीकडे वळलो. माती, पाणी आणि पिके या विषयांवरचे सामान्य वाचकांसाठी लिहिलेले इंग्रजी लेख तिला तुलनेने सहज वाचता येत, कारण विषय तिच्या हाताखालचा होता. 'ॲरिड' म्हणजे कोरडवाहू, रूक्ष प्रदेश हे तिला सांगावे लागले नाही, आणि कंटाळवाण्या व्याख्यानालाही 'ॲरिड' म्हणतात हे वाचल्यावर ती आपणहून म्हणाली, "मग आपणही रूक्ष भाषण म्हणतोच की!" 'फॅलो' म्हणजे पडीक ठेवलेली जमीन, आणि लेखकाच्या आयुष्यातला न लिहिण्याचा काळही फॅलो. परीक्षेत भारदस्त म्हणून भीती घालणारे कितीतरी शब्द मुळात शेतातून आलेले आहेत, हे तिच्या लक्षात आले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिले.

मराठीचा अडसर होत नाही, हे मला तिला युक्तिवादाने पटवायचे नव्हते. मी एवढेच विचारले, "तुझी आजी काटकसरी, चिक्कू, कंजूष की कवडीचुंबक?" क्षणाचाही विलंब न लावता ती म्हणाली, "काटकसरी. कवडीचुंबक म्हटलेले तिला कळले तर ती मला घरात घेणार नाही." तिच्या वहीत 'फ्रूगल', 'स्टिंजी', 'पार्सिमोनियस' आणि 'मायझर्ली' या चारही शब्दांपुढे एकच अर्थ लिहिला होता: कंजूष. ज्या मुलीला मराठीतल्या या चार छटा झोपेतही कळतात, तिने इंग्रजी शब्दांपुढे त्या पुसून टाकल्या होत्या. त्या दिवशी आम्ही आजीला 'फ्रूगल'च्या घरात बसवले आणि उरलेल्या तिघांसाठी तिने गावातली माणसे शोधून काढली, ज्यांची नावे मी येथे अर्थातच देणार नाही.

असेच उपसर्गांचे झाले. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे सारे एकाच 'हृ' धातूपासून बनले, आणि उपसर्ग धातूच्या अर्थाला बळेच दुसरीकडे नेतो, हे तिने शाळेत शिकलेले होते. लॅटिनमधील 'पाहणे' या अर्थाच्या 'स्पेक्ट' या अंशाचे तसेच आहे: आत पाहणे ते 'इन्स्पेक्ट', मागे वळून पाहणे ते 'रेट्रोस्पेक्ट', चहूबाजूंनी पाहणारा तो 'सर्कमस्पेक्ट', म्हणजे सावध. संस्कृतात हेराला 'स्पश' म्हणतात, तो शब्दही याच मुळाचा. मात्र व्युत्पत्तीवर फार भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे. ती शब्द लक्षात ठेवायला मदत करते, नवा शब्द ओळखायला दर वेळी करतेच असे नाही.

उजळणीसाठी सेबास्तियन लाइटनर या जर्मन लेखकाने 1972 मध्ये लोकप्रिय केलेली खोक्याची पद्धत वापरली. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर शब्दाबरोबर तो जेथे भेटला ते संपूर्ण वाक्य लिहायचे. उत्तर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकले की पुन्हा पहिल्यात. सुरुवातीचे कप्पे रोज, पुढचे आठवड्याने किंवा पंधरवड्याने उघडायचे. रोज नवे शब्द सातपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, या अटीवर तिने बरीच हुज्जत घातली. तीसवरून सातवर येणे तिला माघार वाटत होती.

एक गोष्ट तिने चौथ्या भेटीत सांगितली, आणि माझ्या मते खरी गाठ तेथेच होती. वसतिगृहात 'एपिटमी' या शब्दाचा उच्चार तिने 'एपिटोम' असा केल्यावर खोलीतल्या मुली हसल्या होत्या, आणि तेव्हापासून तिने शिकलेला एकही शब्द तोंडाने उच्चारला नव्हता. मी तिला म्हटले, की शब्द ऐकून नव्हे तर वाचून मिळवलेल्या माणसाचीच अशी चूक होते. तरीही नुसत्या दिलाशाने काम भागले नसते, म्हणून पुढच्या प्रत्येक भेटीत तीन नवे शब्द माझ्याशी बोलताना वापरायचे आणि चुकले तर दोघींनी मिळून शब्दकोशातला उच्चार ऐकायचा, असे ठरवले. माझाही एक उच्चार त्यात चुकीचा निघाला.

अर्जासोबतच्या निवेदनात तिने लिहिले होते, की ती ज्ञानाची 'एव्हरिशस' विद्यार्थिनी आहे. मराठीत ज्ञानाची हाव चालून जाते. इंग्रजीतला हा शब्द मात्र पैशाच्या लोभाला चिकटलेला आहे. तो काढला, आणि त्या जागी आजोबांच्या क्षारपड झालेल्या दीड एकराविषयी दोन साधी वाक्ये आली. तिच्या यादीतली विद्यापीठेही आम्ही एकेक करून तपासली, कारण 2020 नंतर अनेक विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली आहे. पाचांपैकी दोघांना ती नकोच होती. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

पाच महिन्यांनी परीक्षेत भाषाविभागात तिला 151 गुण मिळाले. सरावात ते 143 च्या पुढे जात नव्हते. फार मोठी झेप नव्हे, पण तिला पुरेशी होती.

शेवटच्या भेटीला ती एकच चिठ्ठी घेऊन आली होती. 'रेटिसन्ट' या शब्दापुढे तिने 'मितभाषी' लिहून खोडले होते, मग 'भिडस्त' लिहून पुढे प्रश्नचिन्ह दिले होते. मितभाषी माणूस मुळातच कमी बोलतो, रेटिसन्ट माणूस मनातले राखून ठेवतो, आणि भिडस्त माणूस समोरच्याच्या भिडेने नाही म्हणू शकत नाही. मग हा शब्द नेमका कोठे बसतो, आणि 'भीड' इंग्रजीत कशी सांगायची, यावर आमची चर्चा इतकी रंगली की बाहेर थांबलेल्या पुढच्या मुलाने दार वाजवले. प्रश्नचिन्ह तसेच ठेवून तिने चिठ्ठी पहिल्या कप्प्यात परत टाकली.